एकच फाइल, तीन बेंच: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वर्गात घडवून पाहताना

राज्यशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात सर्वोच्च न्यायालयावर एक प्रकरण असतंच. कलम १३१ म्हणजे मूळ अधिकारक्षेत्र, १३२ ते १३४ अपिलांचं, १३६ म्हणजे विशेष परवानगी, १४३ म्हणजे राष्ट्रपतींना सल्ला. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. फाइल समोर आल्यावर न्यायाधीश नेमकं करतात काय, हे त्या प्रकरणात कुठेच नसतं. हल्ली थेट प्रक्षेपण आहे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांच्या सुनावण्या घरबसल्या दिसू लागल्या आणि पहिल्याच दिवशी शिवसेनेतल्या फुटीचं प्रकरण होतं, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच जणांनी थोडंफार पाहिलं होतं. त्यातून त्यांना कळलं ते एवढंच की वकील भरपूर बोलतात आणि न्यायाधीश मध्येच काहीतरी विचारतात. निकाल कुठून येतो, ते कॅमेऱ्यात दिसत नाही.

म्हणून एक खरा खटला घेऊन वर्गात चालवायचं ठरवलं. तालुक्याच्या गावातलं कला महाविद्यालय, तिसरं वर्ष, मराठी माध्यम. कायद्याची पार्श्वभूमी कुणालाच नाही. विधी महाविद्यालयांत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा होतात, पण तिथे सगळा भर वकिलीवर असतो. कोण छान बोललं, कुणी किती निवाडे दाखवले, यावर बक्षीस. मला न्यायाधीशाची खुर्ची शिकवायची होती.

खटला

अशा वेळी पहिलं नाव सुचतं ते केशवानंद भारती. तेरा न्यायाधीश, अडुसष्ट दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ चा सात विरुद्ध सहा निकाल. वर्गासाठी तो अगदीच अडचणीचा. निकालपत्र शेकडो पानांचं, शिवाय घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येत नाही, ही बाजू शेवटी जिंकते हे सगळ्यांना आधीच ठाऊक. मला लहान फाइल हवी होती, आणि अशी की जिच्यावर मुलांचं स्वतःचं मत आधीपासून ठाम आहे.

निवडला तो बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. कोट्टायम जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात शिकणारी तीन भावंडं, अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत. कुटुंब ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचं. सकाळच्या प्रार्थनेला राष्ट्रगीत सुरू झालं की ही मुलं इतरांसारखीच आदरानं उभी राहत, पण म्हणत नसत. परमेश्वराच्या प्रार्थनेखेरीज इतर कोणत्याही विधीत भाग घ्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा. वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या ते नजरेस आलं, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी समिती नेमली गेली. समितीनं अहवाल दिला की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही. तरीही वरून आलेल्या सूचनेप्रमाणे २६ जुलै १९८५ ला मुख्याध्यापिकांनी तिघांना शाळेतून काढलं. केरळ उच्च न्यायालयात आधी एकल न्यायाधीशांनी आणि मग खंडपीठानं दाद नाकारली. प्रकरण दिल्लीला गेलं.

स्टाफरूममध्ये “हा विषय कशाला?” असा सूर निघाला, तो अपेक्षित होता. वर्गाचंही मत एका बाजूला झुकलेलं होतं: म्हणायलाच पाहिजे, त्यात काय एवढं? महाराष्ट्रातल्या थिएटरात सिनेमाआधी राष्ट्रगीत लागतं आणि सगळे उभे राहतात, या सवयीत वाढलेली ही मुलं. माझ्या दृष्टीनं हेच उत्तम. ज्या खटल्यात आपलं मन आणि कागद एकाच बाजूला असतात, त्यात न्यायाधीशाला कष्टच पडत नाहीत.

फाइल

तयार नमुना म्हणून अमेरिकेतल्या ‘आयसिव्हिक्स’ या नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या उपक्रमाचे संगणकावरचे खेळ आधी पाहिले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी निवृत्तीनंतर २००९ मध्ये हा उपक्रम सुरू केला. त्यांच्या एका खेळात शाळेतल्या टी-शर्टवरून झालेला वाद असतो, आठ न्यायाधीश चार-चार असे विभागलेले असतात आणि नवव्या न्यायाधीशाची मदतनीस म्हणून खेळणाऱ्यानं तिढा सोडवायचा असतो. दुसऱ्या खेळात गाजलेल्या खटल्यांचे युक्तिवाद पत्त्यांसारखे टाकायचे, चुकीचा टाकला तर न्यायाधीश हटकतात. दोन्ही खेळ चांगले आहेत, तासाभराच्या सरावाला तर फारच. अडचण दोन ठिकाणी आली. तिथे नऊच्या नऊ न्यायाधीश एकत्र बसतात. आपल्याकडे बहुतेक प्रकरणं दोन किंवा तीन न्यायाधीशांपुढे चालतात, त्यामुळे ‘नववं मत’ ही कल्पनाच लागू पडत नाही. आणि दुसरं, संगणकावर प्रश्न आधीच तयार करून दिलेला असतो, खेळणाऱ्यानं फक्त उत्तराकडे जायचं. न्यायालयात निम्मं काम प्रश्न शोधण्याचं असतं, आणि ते या खेळांत राहून जातं.

म्हणून कागदी फाइल केली. दोन पानं हकिकत. शाळेचा निर्णय. शिक्षण खात्याच्या १९६१ आणि १९७० च्या परिपत्रकांचा सारांश, ज्यांत सगळ्या विद्यार्थ्यांनी एकत्र राष्ट्रगीत म्हणावं अशी सूचना होती. चौकशी समितीचा निष्कर्ष. उच्च न्यायालयाचं म्हणणं: राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला, कुणाच्याही धर्मभावना दुखावतील असं त्यात काही नाही. मग कायदा: कलम १९(१)(क) म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि १९(२) म्हणजे त्यावरची बंधनं, कलम २५(१) म्हणजे धर्मस्वातंत्र्य, मूलभूत कर्तव्यांचं कलम ५१क(क), आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा, १९७१ चं कलम ३. शेवटी जुने निवाडे, प्रत्येकी अर्धं पान. खडक सिंग (१९६२), ज्यात पोलिसांचे अंतर्गत नियम म्हणजे कायदा नव्हे, असं ठरलं. रतिलाल गांधी (१९५४), आपल्याच मुंबई राज्यातला. ज्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आजही सार्वजनिक विश्वस्त संस्थांची नोंदणी असते, त्याच्यावरच तो वाद होता, आणि श्रद्धा बाह्य आचरणातून व्यक्त करणं हेही धर्मस्वातंत्र्यात येतं असं त्यात म्हटलं आहे. जोडीला अमेरिकेतले दोन, त्यांच्याबद्दल पुढे.

नावं, गाव, राज्य बदललं होतं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अर्थातच काढून ठेवला.

नियम मोजके. फाइलबाहेरचं काही चालणार नाही. साक्षीदार नाहीत. हा नियम पचायला सगळ्यात जड गेला. “सर, हेडबाईंनाच बोलवू ना, विचारू की का काढलं.” अपिलात सर्वोच्च न्यायालय साक्षीपुरावे नव्यानं घेत बसत नाही, खालून आलेल्या कागदांवरच काम चालतं, हे सांगितल्यावर चेहरे पडले. सिनेमातल्या कोर्टानं केलेलं नुकसान मोठं आहे.

एका विद्यार्थिनीनं नेमका प्रश्न विचारला: घटनेचा अर्थ लावायचा तर कलम १४५(३) प्रमाणे पाच न्यायाधीश लागतात ना, मग दोघांचं बेंच कसं? घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न नव्यानं उभा राहत असेल तर पाच. तत्त्व आधीच ठरलेलं असेल आणि ते फक्त समोरच्या हकिकतीला लावायचं असेल, तर दोघंही पुरतात. मूळ खटलाही दोघांनीच ऐकला, हे तिला तेव्हा सांगता येत नव्हतं.

वर्गाचे तीन गट केले: अ, ब, क. प्रत्येक गटात दोन न्यायाधीश, दोन्ही बाजूंचे वकील आणि उरलेले सगळे न्यायाधीशांचे लॉ क्लर्क, ज्यांनी सुनावणीआधी फाइलचं टिपण करून द्यायचं. तीन खोल्या, एकच फाइल. एका मुलाला सरन्यायाधीश केलं आणि तुझं काम पुढे येईल तर येईल, म्हणून बसवून ठेवलं. कलम १३६ ची पायरी, म्हणजे अपील ऐकायचंच की नाही हे ठरवणं, तोंडी समजावून ओलांडली. प्रत्यक्षात बहुसंख्य प्रकरणं तिथेच काही मिनिटांत संपतात. अमेरिकेत नऊपैकी चौघांना वाटलं तर प्रकरण ऐकायला घेतात, आपल्याकडे असा आकडा नाही. हा स्वतंत्र तासाचा विषय आहे.

सुनावणी

अ खोलीत वक्तृत्व स्पर्धा झाली. सरकारी वकील उभा राहिला आणि सीमेवरच्या जवानांपासून सुरुवात केली. न्यायाधीशांनी त्याला बोलू दिलं. मुलांच्या वकिलानंही मग संतांचे दाखले देत सहिष्णुतेवर भाषण ठोकलं. दोन्ही भाषणांना टाळ्या पडल्या. न्यायाधीशांनी शेवटी मिळून दोन प्रश्न विचारले.

ब खोलीत वेगळं घडलं. तिथली ज्येष्ठ न्यायाधीश म्हणजे एरवी वर्गात मागच्या बाकावर बसणारी, फारसं न बोलणारी मुलगी. वकील तिला ‘मिलॉर्ड’ म्हणाला, खोली हसली, मग ‘न्यायमूर्ती’वर तडजोड झाली. (बार कौन्सिलनं २००६ मध्येच ‘मिलॉर्ड’ची गरज नाही असा नियम केला आहे, पण ती सवय दिल्लीतही सुटलेली नाही.) सरकारी वकिलानं प्रस्तावना सुरू करताच तिनं हात वर केला.

“मुलांना शाळेतून काढलं ते कुठल्या अधिकारानं?”

“शिक्षण खात्याच्या परिपत्रकानुसार. सगळ्यांनी राष्ट्रगीत म्हणायचं आहे.”

“परिपत्रक कोणत्या कायद्याखाली निघालं?”

“शिक्षण खात्यानं काढलं, न्यायमूर्ती.”

“खातं नाही विचारलं. कायदा विचारला.”

वकिलानं फाइल उलटीसुलटी केली. क्लर्क मंडळींत कुजबुज झाली, कारण त्यांच्यापैकी कुणीतरी खडक सिंगच्या अर्ध्या पानावर रेघ मारून ठेवली होती. मग वकील १९७१ च्या कायद्याकडे वळला.

“कलम ३ वाचा,” तिनं सांगितलं. त्यानं वाचलं: जो कोणी हेतुपुरस्सर राष्ट्रगीत गाण्यास प्रतिबंध करील किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणील.

“यांनी कुणाला गाण्यापासून अडवलं?”

“नाही.”

“गोंधळ घातला?”

“नाही. उभी होती.”

“मग?”

यानंतर वकिलाकडे कलम ५१क(क) उरलं: राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखणं हे नागरिकाचं कर्तव्य. हा त्याचा खरा भक्कम मुद्दा होता आणि तो त्यानं बऱ्यापैकी मांडला. शाळा नागरिक घडवते, शिस्त एकासाठी सैल केली तर सगळ्यांसाठी होते, वगैरे. दुसऱ्या न्यायाधीशानं मग मुलांच्या वकिलाला घेरलं. “उद्या एखादा म्हणाला, माझ्या धर्मात गणिताच्या तासाला बसणं पाप आहे, तर त्यालाही सोडायचं?” वकील गडबडली. तिच्या क्लर्कनं चिठ्ठी सरकवली. ती पाहून ती म्हणाली, “श्रद्धा खरी आहे की सोयीची, हे कोर्टानं आधी बघावं. इथे खरी आहे, यावर सरकारचाही वाद नाही. आणि कलम २५ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य हे अपवाद आहेतच. यांच्या गप्प उभं राहण्यानं त्यातलं काय बिघडलं?” उत्तर चांगलं होतं. मूळ निकालात जवळपास हाच धागा आहे.

याच खोलीत कुणीतरी सिनेमागृहांचा आदेश काढला: ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं थिएटरात राष्ट्रगीत सक्तीचं केलं होतं आणि ९ जानेवारी २०१८ ला ते ऐच्छिक केलं. क्लर्कनंच हरकत घेतली की हे फाइलमध्ये नाही आणि खटल्याच्या वेळी घडलेलंही नव्हतं. हरकत मान्य झाली.

प्रश्नाचा कागद

सुनावणी संपल्यावर न्यायाधीशांनी क्लर्कसह दार लावून बसायचं होतं. न्यायाधीश आपसात काय बोलतात याची खऱ्या न्यायालयातही कुठे नोंद नसते, त्यामुळे मी आत गेलो नाही. फक्त एक अट होती. निकाल काय, यावर चर्चा करण्याआधी ‘या अपिलात ठरवायचा प्रश्न’ एका वाक्यात कागदावर लिहून दारातून बाहेर द्यायचा. नंतर तो बदलता येणार नाही.

तीन कागद आले.

अ: राष्ट्रगीत म्हणण्यास नकार देणे हा राष्ट्राचा अवमान आहे काय?

ब: कायद्याचा आधार नसताना केवळ खात्याच्या परिपत्रकावरून विद्यार्थ्यावर राष्ट्रगीत म्हणण्याची सक्ती करता येते काय?

क: राष्ट्रगीतातील शब्द या मुलांच्या धर्माविरुद्ध आहेत काय?

या सगळ्या खटाटोपातून एकच वस्तू जपून ठेवायची झाली तर मी हे तीन कागद ठेवीन. फाइल तीच, कलमं तीच, निवाडे तेच. अ बेंचनं अपील फेटाळलं. ब बेंचनं मंजूर केलं. क बेंच फुटलं.

प्रश्न लिहिला की उत्तर ठरलंच, असं मात्र नाही. अ चा प्रश्न घेऊनही ‘उभं राहणं हा आदरच आहे’ असं म्हणता आलं असतं, आणि त्यांच्यातल्या एका क्लर्कनं तसं टिपणही दिलं होतं. पण प्रश्न इतका मोठा आणि भावनेचा होता की परिपत्रक, कलम १९(२), खडक सिंग हे सगळं त्यांना किरकोळ वाटलं. त्यांच्या निकालपत्रात परिपत्रकाचा उल्लेख एका ओळीचा आहे. राष्ट्राचा अवमान या विषयावर अडीच पानं आहेत.

क बेंचची गंमत वेगळी. त्यांनी ओळीनं राष्ट्रगीताचा अर्थ लावायला घेतला. ‘भाग्यविधाता’ म्हणजे कोण? देव असेल तर कुणाचा? एक न्यायाधीश म्हणाला, कुठल्याही धर्माचा देव नाही, त्यामुळे हरकत घ्यायला जागा नाही. दुसरी म्हणाली, देव आहे एवढं पुरे, मुलांना दुसऱ्याची प्रार्थना नको आहे. दोघंही हुशार, दोघंही ठाम. वेळ संपेपर्यंत काव्यार्थ चालू राहिला. केरळच्या उच्च न्यायालयानं शब्द तपासून नेमकी हीच वाट धरली होती, आणि फाइलमधला तो उतारा वाचूनच क बेंचचा प्रश्न तयार झाला होता. खालच्या न्यायालयानं घातलेला प्रश्न वरचं न्यायालय नकळत तसाच उचलतं, हे धड्यात शिकवून कळलं नसतं.

मग मूळ निकाल वाटला. ११ ऑगस्ट १९८६, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त, निकालपत्र रेड्डींचं. त्यांनी मोठ्या प्रश्नाला आधी हातच घातला नाही. राष्ट्रगीत म्हटलंच पाहिजे असं सांगणारा कायदा आहे का? नाही. म्हणत नाही पण आदरानं उभा आहे, तर तो अनादर होतो का? नाही. १९७१ चा कायदा लागू होतो का? नाही, कारण कुणी कुणाला अडवलेलं नाही. शालेय नियमांत गैरवर्तनाला शिक्षा आहे, पण या मुलांच्या वर्तणुकीबद्दल कुणाची तक्रारच नाही. राहिली परिपत्रकं. त्यांना वैधानिक आधार नाही. कलम १९(२) खाली अभिव्यक्तीवर बंधन घालायचं तर ते ‘कायद्यानं’ घालावं लागतं. आणि प्रामाणिक धार्मिक हरकत असताना सक्ती केली, तर ती कलम १९(१)(क) आणि २५(१) दोन्हींच्या विरुद्ध जाते. शब्द तपासण्याच्या मुद्द्यावर न्यायालय म्हणतं की उच्च न्यायालयाची दिशाच चुकली. एखादी श्रद्धा आपल्या बुद्धीला किंवा भावनेला पटते का, हे बघायचं नसतं. ती मनापासून आणि सचोटीनं धरलेली आहे का, एवढंच बघायचं असतं. सहिष्णुतेबद्दलचा बहुतेक ठिकाणी उद्धृत होणारा परिच्छेद अगदी शेवटी येतो, सगळं ठरून झाल्यावर. अ खोलीतल्या दोन्ही वकिलांनी सुरुवातच तिथून केली होती.

एका मुलानं मोबाइलवर मूळ निकाल आधीच शोधून काढला होता, हे तेव्हा उघड झालं. तो क बेंचचा क्लर्क. त्यानं आपल्या न्यायाधीशांना तो सांगितलाही होता. तरी बेंच फुटलं, कारण ‘मुलं जिंकली’ एवढंच त्याला माहीत होतं आणि कारणं लिहायची वेळ आल्यावर ते माहीत असून काही उपयोग नव्हता.

फुटलेलं बेंच

क बेंचच्या दोघांना वाटलं, आता ज्येष्ठ न्यायाधीशाचं मत चालेल. किंवा टॉस. दोघांत मतभेद झाला तर प्रकरण सरन्यायाधीशांकडे जातं आणि ते मोठं बेंच नेमतात. १३ ऑक्टोबर २०२२ ला कर्नाटकातल्या हिजाब प्रकरणात न्यायमूर्ती हेमंत गुप्ता आणि न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांची मतं अशीच विरुद्ध गेली आणि प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवलं गेलं. तोही शाळेचा, धर्माचा आणि शिस्तीचाच वाद.

इथे बसवून ठेवलेल्या सरन्यायाधीशाला काम मिळालं. त्याची समजूत होती की आता आपण निकाल द्यायचा. त्याला सांगितलं की तुझं मत इतर कुणाही न्यायाधीशाइतकंच, एकच; तुझ्या हातात आहे ते तिघं कोण बसणार हे ठरवणं. तो लगेच म्हणाला, “म्हणजे मग सगळंच माझ्या हातात आहे की.” वर्ग हसला, पण १२ जानेवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या चार ज्येष्ठ न्यायाधीशांनी घेतलेल्या पत्रकार परिषदेचा गाभा हाच होता: कोणतं प्रकरण कोणत्या बेंचकडे जातं. त्या मुलाला ही बातमी माहीत नव्हती. खुर्चीत बसल्यावर पाच मिनिटांत तो तिथवर पोचला.

याच टप्प्यावर अमेरिकेतले दोन निवाडे कामाला आले. प्रकरण हुबेहूब: यहोवाच्या साक्षीदारांची मुलं, शाळेतली ध्वजवंदना, हकालपट्टी. १९४० मध्ये गोबायटिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतानं शाळेची बाजू घेतली. १९४३ मध्ये बार्नेट खटल्यात तेच न्यायालय सहा विरुद्ध तीन असं उलट गेलं. “तीन वर्षांत घटना बदलली?” नाही. मग? न्यायमूर्ती ब्लॅक, डग्लस आणि मर्फी यांनी स्वतःचंच मत बदललं. जॅक्सन आणि रुटलेज नव्यानं आले होते. आणि १९४० मध्ये एकट्यानं विरोधात लिहिणारे स्टोन तोवर सरन्यायाधीश झाले होते. मधल्या काळात देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले होते, तेही न्यायाधीशांच्या डोळ्यांसमोर होतं. अ बेंचनं हे वाचलं आणि त्यांना जरा हायसं वाटलं, कारण त्यांच्या निकालाच्या बाजूनं एके काळी आठ न्यायाधीश होते.

ब खोलीतल्या मुलांच्या वकिलाला मात्र इथे धक्का बसला. तिनं बार्नेट हुकमाच्या एक्क्यासारखा वापरला होता. परदेशी निवाडा आपल्याकडे फक्त वाचायला मिळतो, बंधनकारक नसतो. कलम १४१ प्रमाणे देशातल्या न्यायालयांना बांधतो तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. रेड्डींनीही बार्नेटचा आधार घेतला आहे, पण मुख्य भार खडक सिंगसारख्या इथल्या निवाड्यांवर आहे.

निकालपत्र आणि आदेश

गुण द्यायचे होते ते निकालपत्राला. हरणाऱ्या पक्षाचा सगळ्यात बळकट मुद्दा त्याच्या वकिलालाही मान्य होईल अशा शब्दांत लिहायचा, ही त्यातली मुख्य अट. इथे बहुतेकांची दमछाक झाली. अ बेंचनं ‘अपिलार्थींनी धर्माचे कारण पुढे केले’ इतकंच लिहिलं. त्यांच्या समोरच्या वकिलानं सही करायला नकार दिला, आणि परिच्छेद पुन्हा लिहिताना त्यांना कलम २५ पहिल्यांदा नीट वाचावं लागलं. निकाल त्यांनी बदलला नाही. ब बेंचच्या दुसऱ्या न्यायाधीशानं तर स्वतःच्या मताविरुद्ध सही केली: राष्ट्रगीत सगळ्यांनी म्हणावंच असं आजही वाटतं, पण कागदात तो अधिकार सापडत नाही, असं त्यानं खाली स्वतंत्रपणे नमूद केलं. माझ्या मते वर्गातलं ते सगळ्यात उत्तम वाक्य होतं. वकील झालेल्यांना या सगळ्यातून सर्वांत कमी मिळालं. क्लर्कना सर्वांत जास्त, कारण फाइल अथपासून इतिपर्यंत फक्त त्यांनीच वाचली होती.

मतं बदलली का, तर फारशी नाही.

ब बेंचचं निकालपत्र चार पानी, शेवटची ओळ ‘सबब अपील मंजूर करण्यात येते.’ खाली सह्या. मी मुख्याध्यापिका होऊन विचारलं: उद्या सकाळी ही तीन मुलं हा कागद घेऊन फाटकात उभी राहिली, तर मी काय करायचं? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. घ्यायचं का परत? त्याच वर्गात? प्रार्थनेला उभं करायचं की वर्गात बसवायचं? मधली हजेरी? कागदावर याचं काहीच नव्हतं. मूळ निकालात शेवटी स्पष्ट निर्देश आहेत: मुलांना शाळेत परत घ्यावं, त्यांचं शिक्षण अडथळ्याविना चालू द्यावं आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी द्याव्यात. आपल्याकडच्या बऱ्याच कोर्टांच्या निकालात कारणं संपली की ‘आदेश’ असं मथळा देऊन क्रमांक घातलेले असतात, ते यासाठीच.

बेंच परत बसलं. आदेशात चार कलमं आली: उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द, तिघांना त्याच इयत्तेत आठ दिवसांत प्रवेश, प्रार्थनेच्या वेळी इतरांबरोबर उभं राहण्यापलीकडे सक्ती नाही, शाळेबाहेर काढलेल्या काळातली गैरहजेरी परीक्षेला बसण्याच्या आड येणार नाही. चौथं कलम त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं घातलं. तिसऱ्यात ‘उभं राहण्याची सक्ती तरी करता येईल का’ यावर तिचं आणि दुसऱ्या न्यायाधीशाचं वाजलं. फाइलमध्ये तो वाद नाही, मुलं उभी राहतच होती, असं म्हणत तिनं कलमाची भाषा बदलली: ‘मुलं आतापर्यंत जशी आदरानं उभी राहत होती, तेवढं पुरेसं आहे.’

क बेंचचं प्रकरण सरन्यायाधीशानं तिघांपुढे लावलं आहे. प्रश्न नव्यानं लिहायचा, हा त्याचा पहिला निर्देश. सत्र परीक्षा मध्ये आली, त्यामुळे तारीख पुढे गेली.